अवकाळीनंतरची परसबाग

वसंताचे वर्णन करावयाचे झाले म्हणजे आपल्याकडे पळस, आंब्याचा मोहोर आणि कोकिळा ही मंडळी ठरलेली असतात. आम्ही आज ज्या वसंताविषयी बोलणार आहोत तो मात्र चिखलाचा, गारठ्याचा आणि झडून पडलेल्या मोहोराचा आहे. असा वसंत मराठवाड्यात दरसाल येत नाही. पण येतो तेव्हा शेतकऱ्याच्या घरात नेमके काय शिजते, आणि घरामागच्या चार वाफ्यांनी त्यात काय भर घालता येते, हा आजचा विषय आहे. विषय लहान आहे. मोठ्या विषयांवर बोलणारे वक्ते या व्यासपीठाला कधी कमी पडलेले नाहीत.

२०१४ सालची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाऊस आणि गारा पडत राहिल्या. मराठवाड्यात गहू, हरभरा, ज्वारी काढणीला आलेली आणि वरून गारांचा मारा, असा प्रसंग गावोगाव आला. पुढे २०१५ साली आणि २०२३ च्या मार्चमध्येही अशीच अवकाळी झाली. तिची घडण थोडक्यात अशी. भूमध्य समुद्राकडून इराणमार्गे उत्तर हिंदुस्थानावर येणारे हवेचे विक्षोभ या दिवसांत कधीकधी दक्षिणेकडे अधिक उतरतात. त्यांच्याबरोबर वरच्या थरात थंड हवा येते. खाली दख्खनची जमीन तापू लागलेली असते, आणि दोन्ही समुद्रांवरून ओलसर वारे येऊन मिळतात. खालची उष्ण, दमट हवा वेगाने वर चढते, पाण्याचे थेंब गोठतात, वर चढणारा झोत त्यांना पुन्हा पुन्हा उचलतो आणि त्यांवर बर्फाची पुटे चढत जातात. झोताला वजन पेलेनासे झाले की गार खाली येते.

पिशोर हे कन्नड तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचे गाव. आजूबाजूला कापूस, मका आणि अलीकडे आले, म्हणजे बोलीतले अद्रक, ही नगदी पिके. या मुलखाचे एक वैचित्र्य आम्हांला नेहमी जाणवते. ज्या घरची पाच-सात एकर जमीन पिकाखाली आहे त्या घरची बाई भाजीची पिशवी घेऊन आठवडी बाजाराला जाते. शेतात जे पिकते ते विकावयाचे, आणि ताटात जे पाहिजे ते विकत घ्यावयाचे, असा हा व्यवहार आहे. बरे वर्ष असले म्हणजे तो चालून जातो. गारपिटीच्या वर्षी मात्र दोन्हीकडून कात्री लागते. विकावयाचे पीक आडवे झालेले असते, आणि भाजीचे मळेही त्याच गारांनी झोडपलेले असल्यामुळे बाजारातली भाजी महाग झालेली असते. अशा वेळी घरातून प्रथम जी वस्तू कमी होते ती भाजीच होय. भाकरी आणि मिरचीचा ठेचा यांवर वेळ निभावून नेता येते, आणि ती नेली जाते.

ती कोणाच्या शरीरावर निभावून नेली जाते, हे आकडे सांगतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. त्यापूर्वीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि केवळ मेथीच्या जुडीने तो जातो असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ताटातली हिरवी भाजी आणि तिच्यावर पिळलेले अर्धे लिंबू यांचा त्याच्याशी संबंध आहे. लिंबामुळे भाजीतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणाला लागून घेतलेला चहा नेमके उलटे करतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जे आहारविषयक मार्गदर्शन केले त्यात प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. पाच माणसांच्या घराला हे रोजचे दोन किलो होतात. वीस चौरस मीटरांची परसबाग एवढे देणार नाही. तसे आश्वासन देणाऱ्या पुस्तकांवर श्रोत्यांनी विश्वास ठेवू नये. पण ताटातला पालेभाजीचा वाटा ती उचलू शकते, आणि महागाईच्या वर्षी तोच पहिल्यांदा गळतो.

आता काम. पाऊस उघडला, आकाश निवळले, जमीन ओली आहे, तेव्हा आजच कुदळ मारावी असे कोणासही वाटेल. हीच घाई नडते. आपल्या भाषेत ‘वाफसा’ असा एक शब्द आहे. जमिनीत ओल आहे, पण मातीच्या कणांमधल्या फटींत हवाही शिरलेली आहे, अशी जी मधली अवस्था तिला वाफसा म्हणतात. एका शब्दात एवढे शास्त्र साठवणारी भाषा आम्ही तरी दुसरी पाहिलेली नाही. अर्थात आम्ही फार भाषा पाहिलेल्या नाहीत. मुळांना श्वासासाठी हवा लागते, बियांनाही लागते. पावसाने तुडुंब झालेल्या मातीतल्या साऱ्या फटी पाण्याने व्यापलेल्या असतात. काळ्या मातीत हे पाणी अधिक दिवस अडकून राहते, कारण तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि फटी बुजवून टाकते. अशा मातीवर पाय दिला, कुदळ मारली की ती दाबली जाते. पुढे चार उन्हे पडली म्हणजे विटेसारखी ढेकळे होतात, आणि ती फोडण्यात हंगाम निघून जातो.

वाफसा ओळखण्यास यंत्र लागत नाही. चार बोटे खोल उकरून मूठभर माती घ्यावी, दाबून तिचा गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडावा. गोळा भुरभुरून फुटला तर वाफसा आला. तो तसाच आपटून चपटा झाला, किंवा दाबताना बोटांना चिकटून चमकू लागला, तर थांबावे. काळ्या रानात मोठ्या पावसानंतर हे थांबणे आठवडाभराचेही असू शकते. मधल्या दिवसांत चुलीची राख चाळून ठेवणे, कुजलेले शेणखत सावलीला पसरून मोकळे करणे, बी भिजत घालणे, काट्याकुट्यांचे कुंपण करणे, ही कामे उरकतात. कोंबड्या आणि शेळ्या यांचे परसबागेविषयीचे मत फार जुने आणि ठाम आहे. कुंपण आधी, बी नंतर.

ओल्या वर्षी सपाट वाफे करू नयेत. गादी वाफा करावा: एक मीटर रुंद, जागेप्रमाणे दोन-तीन मीटर लांब आणि सुमारे वीतभर उंच. दोन्ही बाजूंनी हात पोहोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यावर पाय देण्याचा प्रसंग येत नाही. उंच वाफ्यातून जादा पाणी निथळते आणि माती लवकर तापते. हे तापणे महत्त्वाचे आहे. एक किलो कोरड्या मातीचे उष्णतामान एक अंशाने वाढविण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारे पाचपट उष्णता एक किलो पाण्याला लागते. शिवाय पाणी वाफ होऊन उडताना मातीतलीच उष्णता घेऊन जाते. म्हणून ओली जमीन उन्हात असूनही थंड राहते, आणि हवेत उकाडा जाणवू लागला तरी बियांच्या बिछान्यात गारठा असतो.

आणि बियांचे स्वभाव वेगळे असतात. मेथी, पालक, मुळा, शेपू, कोथिंबीर यांना गारठ्याचे काही वाटत नाही. उलट पालकाचे बी फार उष्ण मातीत नीट उगवत नाही. भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारले, भोपळा यांचे बी मात्र माती वीस अंशांच्या वर गेल्याशिवाय मनापासून हलत नाही. थंड चिखलात पडून राहते आणि कुजते. तेव्हा अवकाळीनंतरचा क्रम असा ठेवावा की पहिल्या वाफशावर पालेभाज्या आणि मुळा, आणि रात्रीचा गारठा गेला म्हणजे बाकीची मंडळी. कोथिंबिरीसाठी धणे हलक्या हाताने रगडून त्यांचे दोन भाग करावेत आणि रात्रभर भिजवावेत. तरीही उगवण्यास आठ-दहा दिवस लागतात, म्हणून वाफा मोडू नये. मुळ्यात दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा चेतकी’ हा वाण पुढची उष्णताही सोसतो. वेलभाज्यांचे बी वाया घालवावयाचे नसेल तर ते रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून चुलीशेजारी उबेला ठेवावे. मोड दिसले की पिशवीत किंवा फुटक्या मडक्यात, दक्षिणेकडच्या भिंतीच्या आश्रयाने लावावे. बी किती खोल, असे नेहमी विचारतात. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, आणि ओल्या वर्षी त्याहूनही वर.

चैत्र सरता सरता मेथी फुलावर येऊ पाहते आणि पालक राठ होतो. तेव्हा त्यांना निरोप देऊन माठ, तांदुळजा आणि अंबाडी यांना जागा द्यावी. ऊन हा त्यांचा आवडता ऋतू आहे. याच दिवसांत ओलाव्याच्या कडेला चिवळ आणि घोळ आपोआप उगवतात. त्यांना तण म्हणून उपटणारे लोक बाजारात त्यांचीच जुडी पैसे देऊन घेतात, हे आम्ही पाहिले आहे.

गारठा आणि ओल यांचा खरा शत्रू रोपमर. मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपे दोन पानांवर आली की जमिनीलगत देठ मऊ पडतो आणि सकाळी पाहावे तो रोपे आडवी. मातीतल्या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवांचे हे काम. बी दाट टाकणे, संध्याकाळी पाणी घालणे आणि कच्चे शेणखत, या तीन गोष्टी त्यांना निमंत्रण देतात. म्हणून बी ओळीत विरळ टाकावे, पाणी सकाळी द्यावे, आणि बियांना पेरण्यापूर्वी ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी किलोला पाच ग्रॅम या प्रमाणात चोळावी. घरच्या चिमूटभर बियांना चिमटीचाही अंश पुरतो. जुना उपाय बोर्डो मिश्रणाचा. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या द्राक्षमळ्यांत वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की केवड्याच्या साथीतही त्याच वेली हिरव्या राहतात. १८८५ साली त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. चोरांच्या भीतीतून निघालेले हे औषध आजही चालते. घरगुती प्रमाणात १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात वेगवेगळा विरघळवावा, मग मोरचुदाचे पाणी चुन्यात ढवळत ओतावे. भांडे मातीचे किंवा प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडाचे कदापि नको. लखलखीत खिळा त्यात बुडवून पाहावा. त्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी आहे, आणखी घालावा. हे पाणी त्याच दिवशी रोपवाटिकेच्या मातीत ओतावे. खावयाच्या पालेभाजीवर ते मारू नये.

गारांपासून बचावासाठी जुने लुगडे किंवा गोणपाट बांबूच्या चार काठ्यांवर उतरते ताणावे. सपाट ताणल्यास गारा साचून सगळे खाली येते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय मुद्दाम निवडला ती सांगतो. २०१४ साली गारांनी आणि पावसाने भिजलेल्या मराठवाड्यात त्याच वर्षीचा पावसाळा अपुरा झाला, २०१५ चाही झाला, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. वसंतातल्या ओलीचा पुढच्या पाण्याशी काहीही संबंध नसतो. अवकाळीत एक इंच पाऊस पडला म्हणजे वीस चौरस मीटरांच्या बागेवर सुमारे पाचशे लिटर पाणी पडले. ऐकावयास ते पुष्कळ वाटते. पण मे महिन्याच्या उन्हात भरल्या वाफ्यातून दर चौरस मीटरामागे दिवसाला सहा-सात लिटर पाणी उडून जाते, म्हणजे वीस मीटरांचे रोजचे सव्वाशे-दीडशे लिटर. ते पाचशे लिटर, सगळेच्या सगळे मुरले असे धरले तरी, चार दिवसांचे आहे. सव्वाशे लिटर म्हणजे आठ-नऊ हंडे, आणि ते हंडे बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या डोक्यावरून येतात. म्हणून बागेचा आकार मार्चमधली जमीन पाहून ठरवू नये. मेमध्ये घरात किती पाणी येते आणि ते कोण आणते, हे विचारून ठरवावा, आणि ते जिला विचारावयाचे तिलाच विचारावे. पाणी विकत घ्यावे लागणाऱ्या घराने पाच-सहा चौरस मीटरांवर थांबावे. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी एवढ्या बागेला पुरते. राखेने किंवा थोड्या साबणाने घासलेल्या भांड्यांचे पाणी वाळू-विटांच्या खड्ड्यातून गाळून आळ्यात सोडावे. कपड्यांच्या सोड्याचे पाणी केळी आणि अळू यांच्याही वाट्याला रोज देऊ नये, काळी माती त्याने आणखी घट्ट होते. वाफ्यावर उसाचे पाचट किंवा वाळला पाला चार बोटे पसरला तर मातीतून उडणारे पाणी बरेच वाचते. मात्र हे आच्छादन माती तापल्यानंतरच घालावे. गारठ्यात घातले तर ते उन्हालाच अडवते.

भेंडीचे बी विकत आणणार असाल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ हा वाण मागावा. पाने पिवळ्या शिरांची करणाऱ्या रोगाला दाद न देण्यासाठी तो काढलेला आहे, आणि संकरित नसल्यामुळे त्याचे बी घरी धरता येते. सगळ्यांत जोमदार झाडावरच्या दोन-तीन शेंगा न तोडता वाळू द्याव्यात, तडकू लागल्या की उतरवून बी राखेत घोळवावे आणि बाटलीत बूच लावून ठेवावे. बाटलीवर वाणाचे नाव आणि साल लिहावे.