सहलीसाठी पाणी निवडताना

वस्तीतल्या मुलांना तंबू, कयाक आणि गळ घेऊन सहलीला न्यायचे ठरले, की पहिला प्रश्न येतो : पाणी कोणते? आम्ही आधी तीन गोष्टी विचारतो. पाणी वाहते की थांबलेले? वर धरण आहे का? मासेमारीचा हक्क कोणाचा?

कोलाडच्या कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी असते, कारण भिरा वीजकेंद्रातून सुटलेले पाणी तिच्यात येते. ते सुटले की पात्र बघता बघता फुगते. राफ्टिंगला हे चांगले. शिकाऊ मुलांना नव्हे. त्यांना भंडारदऱ्यासारखे थांबलेले पाणी बरे. प्रवरेवरचे हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. मात्र धरणांतही काठाजवळ तळ एकदम खोल जाऊ शकतो, वारा सुटला की लाटा उठतात. म्हणून कयाक सकाळी आणि तंबू पाण्यापासून उंचावर.

धरणातली मासळी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात असते. गळ टाकण्यापूर्वी विचारावे. ते त्यांच्या पोटाचे साधन आहे. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, तेव्हा गळ घरीच ठेवावा.

वर्गणीच्या हिशेबात आम्ही लाईफ जॅकेटचे भाडे आधी धरतो, जेवण नंतर. जितकी जॅकेटे, तितकीच मुले पाण्यात. पोहणाऱ्यांनाही सूट नाही. मोजून नेलेली मुले मोजूनच घरी आणायची आहेत.