रात्रीचा फोटो, नो दाणे!

मंडळाची रोषणाई रात्री क्लिक केलीत, पण फोटोभर लाल-निळे ठिपके? यालाच म्हणतात 'नॉइज'. छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम करंगळीच्या नखाएवढा. उजेड कमी पडला की 'ऑटो' मोड आयएसओ वाढवतो आणि फोटोत दाणे येतात. म्हणून आयएसओ स्वतःच १०० किंवा २०० वर ठेवा, फ्लॅश बंद करा. आता शटर जास्त वेळ उघडं राहणार. तेव्हा कॅमेरा कठड्यावर टेकवा नि २ सेकंदांचा टायमर लावा. झूम टाळा, त्याने बहुतेक कॅमेऱ्यांत उजेड आणखी घटतो. त्यापेक्षा चार पावलं पुढे जा. ढोल वाजवणारे दोस्त मात्र स्थिर थोडेच राहणार? तिथे आयएसओ बिनधास्त ८०० किंवा त्याहून वर न्या. दाणे नंतर थोडे कमी करता येतात, हललेला चेहरा नाही!