आठ आठवड्यांचे पाहुणे

मांजरीचं पिल्लू सांभाळणं म्हणजे मांजर पाळणं नव्हे. पाळणं हे पंधरा-पंधरा वर्षांचं काम. सांभाळणं जेमतेम दोन महिन्यांचं, म्हणजे आपल्या अर्ध्या सेमिस्टरचं. आई नसलेलं पिल्लू घ्यायचं, वाढवायचं आणि चांगलं घर बघून देऊन टाकायचं. ‘शेवटी द्यायचंच, तर एवढा उपद्व्याप कशाला?’ असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर वजनकाट्यावर मिळतं.

आधी एक सूचना. पार्किंगमध्ये किंवा मेसच्या मागे पिल्लं दिसली की लगेच उचलू नका. मांजरी जागा बदलताना एकेक पिल्लू नेते, बाकीची तोवर एकटीच असतात. पिल्लं उबदार आणि शांत असतील तर काही तास लांबून नजर ठेवा. गार पडली असतील तर मात्र थांबू नका.

नुकतं जन्मलेलं पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं. डोळे बंद, कान बंद. अंगातला थर्मोस्टॅट अजून चालूच झालेला नसतो! म्हणून दुधाआधी ऊब. खोक्यात ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे जास्त तापलं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. गार पिल्लाला दूध पाजू नये, ते पचत नाही.

दूधही आपल्या चहाचं चालत नाही. गाईच्या दुधाने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला तेवढं पुरतं. पिल्लांसाठीची दूध पावडर जनावरांच्या डॉक्टरांकडे विचारा. आणखी एक. आपल्याकडे बाळाला मांडीवर उताणं घेऊन बोंडल्याने पाजतात, तसं इथे करायचं नाही. पिल्लू पालथंच हवं, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांना हे काही अवघड नाही. तीन आठवड्यांपर्यंत त्याला आपणहून शी-शूही करता येत नाही. आई चाटते, आपण कोमट ओला कापूस हलकेच फिरवायचा.

आता वजनकाटा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि रोज एकाच वेळी आकडा वहीत लिहा. रोज १० ते १५ ग्रॅम वाढ दिसली पाहिजे. एक दिवस आकडा थांबला तर जागं व्हायचं, घसरला तर थेट डॉक्टरकडे. पिल्लू दुपारपर्यंत बरं दिसतं आणि रात्री जातं, असंही होतं. सगळी जगतातच असं नाही, हे मनाशी ठरवूनच यात पडावं. पण तो आलेख वर चढताना बघणं! जर्नलमध्ये आपण आकडे ‘जुळवतो’. इथे प्रत्येक ग्रॅम खरा असतो.

एक-दोन आठवड्यांत डोळे उघडतात, सगळ्यांचेच निळे. खरा रंग पुढे येतो. तिसऱ्या आठवड्यात ते डुगडुगत चालतं. चौथ्यात वाळूचा ट्रे ठेवला तर न शिकवता उकरायला लागतं, आणि मऊ खाणं सुरू करता येतं. हवेत वळून पायांवर पडण्याची कलाही याच सुमारास येऊ लागते आणि सातव्या आठवड्यापर्यंत पक्की होते. एतिएन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये तिचे एकापाठोपाठ फोटो काढले, आणि १९६९ मध्ये केन आणि शेर यांनी तिचं गणित मांडलं. मेकॅनिकलवाल्यांनी जरूर वाचावं, पण प्रयोग करू नये. गॅलरीचा दरवाजा बंदच ठेवा.

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसाला ओळखायला शिकतं. रोज थोडा वेळ हातात घेतलेलं पिल्लू पुढे पाहुण्यांना घाबरून कपाटाखाली दडत नाही. माझ्या मते आपण नव्या घराला देतो ती खरी वस्तू हीच. शक्यतो दोन पिल्लं एकत्र वाढवा. चावायचं किती जोरात, हे ती एकमेकांकडूनच शिकतात.

आठव्या आठवड्याला वजन पाऊण किलोच्या पुढे जातं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत होते, रेबीजची तीन महिन्यांनंतर. मादी चार महिन्यांतच गाभण राहू शकते, म्हणून नसबंदीचं नव्या घराशी आधीच बोलून घ्यावं. देताना खोक्यातलं न धुतलेलं फडकं सोबत द्यायचं; ओळखीच्या वासाने पहिली रात्र सोपी जाते. वजनाच्या वहीची झेरॉक्सही द्या, पुढच्या डॉक्टरला लागते. मूळ वही सहसा कुणी देत नाही.