आईबाप असलेली 'अनाथ' मुले

दत्तक मूल आणायला कोणी परदेशी निघाले, की आपण म्हणतो, चला, एका पोरक्या जिवाला घर मिळाले. पण रुमानियाची हकीकत ऐका.

तिथला हुकूमशहा चाउशेस्कू. लोकसंख्या वाढावी म्हणून त्याने १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली. पोरे झाली खरी, पण घरात पोटभर अन्न नाही. मग आईबापांनीच ती सरकारी बालगृहांत नेऊन ठेवली. डिसेंबर १९८९ मध्ये त्याची सत्ता कोसळली, तेव्हा अशा बालगृहांत एक लाखाहून अधिक मुले होती. मूल रडले तरी उचलून घ्यायला माणूस नाही!

दूरचित्रवाणीवर हे पाहून अमेरिका-युरोपातली जोडपी तिकडे धावली. दीड वर्षात सुमारे दहा हजार मुले परदेशी गेली. इंग्लंडात आलेल्या मुलांची पाहणी मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी केली. सहा महिन्यांच्या आत बालगृहातून सुटलेली मुले चांगली सावरली. त्याहून जास्त राहिलेल्यांपैकी अनेकांना मोठेपणीही त्रास उरला. तेव्हा घाई हवीच होती. पण त्याच घाईत दलाल शिरले आणि गरीब आयांच्या दारात जाऊन पैशाने मुले मिळवू लागले. जुलै १९९१ मध्ये सरकारला परदेशी दत्तक थांबवावे लागले.

पुढे १९९३ चा हेग करार झाला: आधी मुलाच्या स्वतःच्या देशात घर शोधा, आईची संमती पैशाने घेऊ नका. भारतही त्यात आहे. मूल स्वाधीन करणाऱ्या आईबापांना आपल्या कायद्यात फेरविचारासाठी दोन महिने मिळतात.