कुलूपबंद वह्यांचे विज्ञान

'विज्ञान : शाप की वरदान?' हा निबंध महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांनी लिहिला असेल याची मोजदाद करणे कठीण आहे. निबंधाचा साचाही ठरलेला असतो. आरंभी वीज, आगगाडी, देवीची लस यांची स्तुती, मध्ये हिरोशिमा, त्यानंतर भस्मासुराचा दाखला, आणि अखेरीस विज्ञान हे दुधारी शस्त्र असून सारे काही ते वापरणाऱ्याच्या हाती आहे, हे वाक्य. परीक्षक त्या वाक्यावर बरोबरची खूण करतो आणि प्रश्न तेथेच मिटतो. वस्तुतः तो तेथे सुरू व्हावयास हवा. शस्त्र वापरणाऱ्याच्या हाती असते हे खरे. पण ते त्याच्या हाती आले कसे, कोणापासून लपवून आले, आणि ते घडत असताना त्याची किंमत कोणी मोजली, याचा निबंधात उल्लेखही नसतो. जुन्या विज्ञानकादंबऱ्यांनी मात्र नेमका हाच भाग विस्ताराने लिहून ठेवला आहे.

भस्मासुराचा दाखला तर येथे फारसा लागूही पडत नाही. भस्मासुराला वर मिळाला तो उघडपणे. त्याच्या हाताचा गुण शंकराला ठाऊक होता, विष्णूला ठाऊक होता. म्हणून तर मोहिनीला नाचता नाचता स्वतःच्या मस्तकावर हात ठेवण्याची युक्ती योजता आली. कादंबऱ्यांतील शास्त्रज्ञांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या हाताचा गुण दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसतो, आणि तो ठाऊक होऊ नये यासाठीच त्यांची सारी धडपड चाललेली असते.

एच. जी. वेल्सची 'दि इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. बहुतेकांना ती ऐकून ठाऊक असते ती अदृश्य माणसाची गंमत म्हणून. पट्ट्यांनी गुंडाळलेले डोके, काळा चष्मा, खेडेगावच्या खाणावळीत हवेत उडणाऱ्या खुर्च्या. परंतु ग्रिफिन आपला जुना सहाध्यायी डॉ. केंप याला स्वतःची पूर्वकथा सांगतो ती प्रकरणे सावकाश वाचली, तर गंमत फारशी उरत नाही. ग्रिफिन हा वैद्यकाचा अभ्यास सोडून पदार्थविज्ञानाकडे वळलेला हुशार विद्यार्थी. पुढे तो लंडनबाहेरच्या एका कॉलेजात प्रात्यक्षिके घेऊ लागला. पगार तुटपुंजा, विद्यार्थी मठ्ठ, आणि वर ऑलिव्हर नावाचा एक प्रोफेसर. काचेची पूड पाण्यात टाकली की जवळजवळ दिसेनाशी होते, कारण काचेचा आणि पाण्याचा प्रकाश वळवण्याचा गुणांक एकमेकांच्या जवळ असतो. मग जिवंत शरीराचा गुणांक हवेइतका केला तर ते शरीरही दिसेनासे होईल, ही त्याची मूळ कल्पना. कल्पना उत्तम आहे. दुसऱ्या एखाद्या माणसाने ती लिहून काढली असती, एखाद्या नियतकालिकाकडे पाठविली असती, आणि तिच्यावर चार लोकांनी टीका केली असती. ग्रिफिनने तसे केले नाही. ऑलिव्हर आपल्या कामात डोकावतो, तो कल्पना चोरील आणि श्रेयात वाटा मागेल, या भीतीने त्याने तीन वर्षे सारे काम दडवून ठेवले.

ही भीती अगदीच निराधार होती, असे मात्र वेल्स कोठे म्हणत नाही. हाताखालच्या माणसाच्या श्रमावर आपले नाव घालणारे वरिष्ठ त्या काळच्या इंग्लंडातही असणारच. ज्याने कोणत्याही कचेरीत वा महाविद्यालयात चार वर्षे काढली आहेत, त्याला ग्रिफिनची ही तक्रार परकी वाटणार नाही. वेल्सचे सामर्थ्य येथेच आहे. त्याने आपल्या खलनायकाला जे दुःख दिले ते सामान्य नोकरदाराचे दुःख होते.

पुढे पैसा कमी पडू लागला, तेव्हा ग्रिफिनने आपल्या बापाचे पैसे चोरले. ते पैसे बापाचे नव्हते, दुसऱ्या कोणाचे तरी होते. बापाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ग्रिफिन दफनविधीला जाऊन आला आणि त्याला वाईट वाटले नाही, हे तोच केंपला सांगतो. त्या वेळी तो अदृश्य झालेला नव्हता. शोध पूर्ण होण्यापूर्वीच त्याचा पहिला बळी पडलेला होता. नंतरच्या घटना, म्हणजे खालच्या मजल्यावरील म्हातारीच्या मांजरावर केलेला प्रयोग, मागे पुरावा राहू नये म्हणून राहत्या घराला लावलेली आग, नाटकाच्या सामानाच्या दुकानदाराला बांधून केलेली चोरी, आणि अखेरीस दहशतीचे राज्य स्थापण्याची भाषा, या सगळ्या त्याच उतारावरच्या पायऱ्या आहेत. अदृश्यपणाचा खरा उपयोग निसटायला आणि गुपचूप जवळ जायला, म्हणजेच खून करायला, असा हिशेब ग्रिफिन केंपपुढे मांडतो तेव्हा तो नव्याने दुष्ट झालेला नसतो.

आणि हा शोध शास्त्र म्हणूनही कच्चा राहिला. भर जानेवारीत, हिमवर्षावात ग्रिफिन लंडनच्या रस्त्यांवर उघडा आणि अनवाणी हिंडतो, कारण कपडे घातले तर ते दिसतात. अन्न खाल्ले तर ते पचेपर्यंत पोटात दिसते. पुन्हा दिसू लागण्याचा उपाय त्याने शोधलेलाच नाही. ज्या ऑलिव्हरची त्याला एवढी धास्ती, त्या ऑलिव्हरनेही एका बैठकीत एवढे तर विचारले असते की, बाबा रे, परतीची वाट कोणती? रशियन लेखक याकोव्ह पेरेलमान याने पुढे आणखी एक दोष दाखवून दिला. ज्याचा डोळाही पूर्ण पारदर्शक झाला त्याच्या डोळ्यात प्रकाश थांबणार नाही, म्हणजे अदृश्य माणूस आंधळा असला पाहिजे. ही चूक अर्थातच वेल्सची. पण ग्रिफिनने आपला निबंध वेळीच वाचून दाखविला असता, तर ती पहिल्याच सभेत कोणीतरी काढली असती.

आर. एल. स्टीव्हन्सनच्या डॉ. जेकिलचीही तीच गत झाली. १८८६ सालच्या त्या कथेत जेकिलचे औषध संपत आल्यावर तो तेच क्षार नव्याने मागवितो आणि औषध काम करीनासे होते. पुष्कळ उशिरा त्याच्या ध्यानात येते की पहिल्या साठ्यातच काही अज्ञात भेसळ असली पाहिजे आणि सारा गुण त्या भेसळीचा होता. आपण काय शोधून काढले हे त्याला स्वतःलाही कधी कळले नव्हते. डॉ. लॅन्यनसारखा जुना स्नेही विचारभेदामुळे दूर गेलेला, प्रयोगशाळेचे दार मागल्या गल्लीत उघडणारे, आणि प्रयोग पुन्हा करून पाहणारा दुसरा कोणी नाही. चांगल्या-वाईटाच्या झगड्याची कथा म्हणून ही गोष्ट आजवर फार वाचली गेली. तिच्यातील या क्षारांच्या पुडीकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही.

मेरी शेलीचा फ्रँकेन्स्टाइन या दोघांहून वयाने वडील. कादंबरी १८१८ सालची. त्याच्यावर ठेवला जाणारा नेहमीचा आरोप, त्याने देवाची बरोबरी केली, हा वरवरचा आहे. कादंबरीतील खरे भयंकर प्रकरण न्यायालयात घडते. व्हिक्टरच्या धाकट्या भावाच्या खुनाबद्दल घरातील जस्टिन नावाच्या निरपराध मुलीवर खटला चालतो. खून आपण निर्माण केलेल्या प्राण्यानेच केला, अशी व्हिक्टरची खात्री आहे. लोक आपल्याला वेडा म्हणतील म्हणून तो खरे सांगत नाही. जस्टिन फाशी जाते. प्राणी निर्माण करणे हा गुन्हा होता की नाही यावर वाद घालता येईल. या मौनाबद्दल वाद नाही.

कारेल चापेक या चेक नाटककाराने हे गुपित एका माणसाच्या खोलीतून काढून कंपनीच्या तिजोरीत नेले. १९२० साली छापल्या गेलेल्या त्याच्या 'आर. यू. आर.' या नाटकाने जगाला 'रोबो' हा शब्द दिला. तो चापेकच्या भावाने सुचविला होता आणि त्याच्या मुळाशी वेठबिगारीचा अर्थ आहे. येथे कोणी वेडा शास्त्रज्ञ नाही. संचालक सज्जन आहेत, माणसाला श्रमातून सोडवावे असे त्यांना मनापासून वाटते. मात्र यंत्रमानव बनविण्याची कृती लिहिलेले मूळ हस्तलिखित एकच आहे आणि ते कंपनीच्या ताब्यात आहे. यंत्रमानव बंड करून कारखान्याला वेढा घालतात, तेव्हा व्यापारी व्यवहार पाहणारा बुसमान शांतपणे सांगतो की उत्पादन आपण वाढविलेच नाही, मागणीने वाढविले. साऱ्या जगाला यंत्रमानव हवे होते. नंतर हाच बुसमान नोटांचे गठ्ठे घेऊन बंडखोरांशी सौदा करायला निघतो आणि विजेच्या कुंपणाला चिकटून मरतो. हिशेबाच्या वहीत ज्याचे आयुष्य गेले अशा माणसाला याहून मार्मिक मरण कोणत्याही नाटककाराने दिले नसेल.

येथवर गोष्ट सोपी आहे, असे वाटू शकेल. लपविणे वाईट, प्रसिद्ध करणे चांगले. परंतु वेल्सच्याच दुसऱ्या एका कादंबरीने हा सोपेपणा मोडून काढला, आणि तोही प्रत्यक्ष इतिहासात. १९१४ साली आलेल्या 'दि वर्ल्ड सेट फ्री' या कादंबरीत वेल्सने अणुबाँब हा शब्द वापरून त्या अस्त्राचे युद्ध रंगविले. फ्रेडरिक सॉडीच्या रेडियमवरील पुस्तकाचे ऋण त्याने अर्पणपत्रिकेतच मान्य केले आहे. कादंबरीतील शास्त्रज्ञ होल्स्टन शोध लागल्यावर आनंदित होण्याऐवजी अस्वस्थ होतो. हे जगाला सांगावे की एखाद्या गुप्त मंडळाच्या स्वाधीन करावे, असा विचार करीत तो फिरतो, आणि मी कागद जाळले तरी दुसरा कोणी हे शोधीलच, असे स्वतःचे समाधान करून घेतो. हे समाधान पुढच्या प्रत्येक पिढीच्या शास्त्रज्ञांनी वापरले आहे.

१९३२ साली ही कादंबरी लिओ झिलार्ड या हंगेरीत जन्मलेल्या पदार्थवैज्ञानिकाच्या वाचनात आली. पुढच्याच वर्षी, लंडनमध्ये असताना, अणुकेंद्रकांच्या साखळी प्रक्रियेची कल्पना त्याला सुचली. त्याने १९३४ मध्ये तिच्यासाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९३६ मध्ये ते पेटंट ब्रिटिश आरमाराच्या स्वाधीन केले, केवळ ते गुप्त राहावे म्हणून. वेल्स वाचलेला असल्याने याचा अर्थ काय होईल हे आपल्याला कळत होते, असे त्याने पुढे नमूद करून ठेवले आहे. १९३९ मध्ये त्याने फ्रान्समधील जोलिओ-क्युरीला निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याची विनंती केली. ती मानली गेली नाही. समोर हिटलरची जर्मनी होती. झिलार्डला येथे दोष देणे अन्यायाचे होईल. ग्रिफिन लपवीत होता ते स्वतःच्या लाभासाठी, झिलार्ड लपवू पाहत होता ते जगाच्या धास्तीने.

तरीही पुढे काय झाले ते पाहिले पाहिजे. आइनस्टाइनच्या सहीने अमेरिकेच्या अध्यक्षांना गेलेल्या १९३९ च्या पत्रामागे झिलार्डच होता. त्यातून उभे राहिलेले काम लष्कराकडे गेले आणि ज्या गुप्ततेचा त्याने आग्रह धरला होता तिची किल्ली त्याच्या हातातून निसटली. जुलै १९४५ मध्ये, जर्मनी शरण आल्यानंतर, जपानवर बाँब टाकण्यापूर्वी नीतीचा विचार व्हावा असा अर्ज त्याने लिहिला. सुमारे ७० सहकाऱ्यांनी त्याच्यावर सह्या केल्या. तो अर्ज अध्यक्ष ट्रुमन यांच्यापर्यंत पोहोचला नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा जळाले. युद्ध संपल्यावर त्याने तो अर्ज छापू म्हटले, तर तो गुप्त कागद असल्याचे कारण देऊन त्याला अडविण्यात आले. सद्हेतूने लावलेले कुलूपही असेच चालते.

उलट १९७५ साली कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे जे घडले त्यावर कोणी कादंबरी लिहिलेली दिसत नाही, आणि लिहिली तरी खपणार नाही. जनुकांचे तुकडे जोडण्याचे तंत्र हाती येताच काही जीवशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये स्वतःच आपले काही प्रयोग थांबविले, तसे उघड पत्र छापले, आणि पुढच्या फेब्रुवारीत सुमारे १४० जणांनी एकत्र बसून कोणते प्रयोग कोणत्या खबरदारीने करावेत हे ठरविले. वार्ताहरांनाही आत घेतले होते. सभा कंटाळवाणी झाली असणार; नियमांच्या कलमांवर रात्री जागवण्यात नाट्य ते कोणते? पण आपल्याला भीती वाटते, ही गोष्ट तेथे चारचौघांत बोलली गेली. २०१८ च्या नोव्हेंबरात हे जियानक्वी या चिनी संशोधकाने, गर्भावस्थेत जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरातील त्याचे व्यवसायबंधू हादरले, कारण बहुतेकांना ते प्रथमच कळत होते. नीतिविषयक मान्यतेचे कागद बनावट असल्याचे पुढे निष्पन्न झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या मुलींची संमती अर्थातच कोणी घेतली नव्हती.

ग्रिफिनच्या वह्यांचे पुढे काय झाले, हे वेल्सने अगदी शेवटी सांगितले आहे. ग्रिफिनला जमावाने ठार मारले, आणि वह्या राहिल्या मार्व्हल नावाच्या भटक्याजवळ, ज्याला त्याने दमदाटीने हमाल बनविले होते. मार्व्हल आता पोर्ट स्टो जवळ एका खाणावळीचा मालक झाला आहे. केंप त्या वह्यांची चौकशी करून थकला. मार्व्हल कोणाला दाद देत नाही. दर रविवारी सकाळी आणि रोज रात्री दहानंतर तो दार लावून घेतो, पडदे ओढतो आणि कपाटातून तीन वह्या काढतो. त्या एकदा खंदकात पडल्या होत्या, त्यामुळे काही पाने घाण पाण्याने धुऊन गेली आहेत. उरलेल्या पानांवरची चिन्हे त्याला वाचता येत नाहीत. तरी तो ओठ हलवीत पाने उलटतो आणि आपल्याला हे समजले तर आपण काय काय करू, याचा विचार करीत बसतो. ग्रिफिनने केले तसे आपण करणार नाही, असे तो स्वतःला सांगतो. मग तो वह्या पुन्हा कपाटात ठेवतो आणि कुलूप लावतो.