समजून घ्या : बैलगाडा शर्यतीचा निकाल मोबाइलवरच्या 'लाइव्ह'वरून का ठरत नाही?

वडिवळे-कामशेतचा पट्टा असो की खेड-जुन्नरचे घाट, यात्रांचा हंगाम सुरू झाला की बैलगाडा शर्यत आता दोन ठिकाणांहून पाहिली जाते. घाटाच्या कडेला उभं राहून आणि मोबाइलवर. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१मध्ये अटींसह अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर घाटांवर कॅमेरेही वाढले आणि एक नवा वादही आला. 'व्हिडिओत तर आमचीच बारी पुढे दिसतेय!'

पुणे जिल्ह्यातल्या घाटांत गाडे एकामागून एक पळतात आणि प्रत्येक बारीची वेळ घड्याळावर मोजली जाते. बक्षिसाचा फरक कधी सेकंदाच्या शंभराव्या भागावर येतो. तो फरक व्हिडिओत दिसतो का? त्यासाठी लाइव्हवाल्यांचे काही शब्द समजून घेऊ.

फ्रेम रेट म्हणजे काय?

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक पळणारे फोटो. एक फोटो म्हणजे एक फ्रेम. भारतात टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेमची पद्धत रूढ झाली, म्हणजे दर ०.०४ सेकंदाला एक फोटो. समजा बैल सेकंदाला १० मीटर वेगाने पळताहेत. मग एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत ते ४० सेंटिमीटर पुढे गेलेले असतात. रेषा नेमकी त्या मधल्या जागेत ओलांडली, तर तो क्षण कॅमेऱ्याकडे नसतोच.

त्यामुळे ११.४२ आणि ११.४४ सेकंदांच्या दोन बाऱ्या व्हिडिओत अगदी सारख्या वाटू शकतात. स्लो मोशन करूनही उपयोग नाही. आहेत तेच फोटो हळू दिसतात, नवे तयार होत नाहीत.

लेटन्सी म्हणजे काय?

घाटात बारी संपून 'भिर्रर्र' झालेली असते आणि तुमच्या मोबाइलवर बैल अजून जुंपलेच जात असतात. या उशिराला लेटन्सी म्हणतात. कॅमेऱ्यातलं चित्र आधी दाबून लहान केलं जातं. या कामाला एन्कोडिंग म्हणतात. मग ते इंटरनेटवरून सर्व्हरकडे जातं, तिथे त्याचे छोटे तुकडे होतात आणि तुमचा फोन थोडे तुकडे साठवून मगच दाखवतो. सगळं मिळून काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत उशीर होऊ शकतो. दोन फोनवर हा उशीर वेगवेगळा असतो. म्हणून मोबाइल पाहत स्टॉपवॉच दाबून घाटातल्या घड्याळाला आव्हान देऊ नका.

बिटरेट आणि बफरिंग

सेकंदाला किती डेटा पाठवला जातो, तो बिटरेट. सेकंदाला ४ मेगाबिटने तासभर लाइव्ह केलं तर सुमारे १.८ जीबी डेटा वर चढवावा लागतो. इथे महत्त्वाचा असतो तो अपलोडचा वेग. डोंगराआड सिग्नल कमी आणि त्यात हजारो लोक एकाच टॉवरवर, मग चित्र अडकतं. त्यावर उपाय म्हणजे बॉण्डिंग : दोन-तीन कंपन्यांची सिम कार्डं एकत्र जोडून एकच मोठी वाट करणं. नेटवर्क कमी पडलं की काही फ्रेम गळतात. याला फ्रेम ड्रॉप म्हणतात. नेमकी रेषेवरची फ्रेम गळाली, तर पुरावाच गेला.

गेन, क्लिपिंग आणि फीडबॅक

माइकमधून येणारा आवाज किती वाढवायचा, ते ठरवतो गेन. निवेदक रंगात येऊन ओरडला आणि गेन आधीच जास्त असला, तर आवाजाच्या लहरीचा माथा छाटला जातो. हे क्लिपिंग. असा फाटलेला आवाज नंतर पूर्ण दुरुस्त होत नाही. भोंग्यातला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की कुईंऽऽ करून वाजतो, तो फीडबॅक. माइक भोंग्यासमोर न नेणं हा त्यावरचा साधा उपाय.

लिप सिंक का बिघडतो?

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कॅमेरा भोंग्यापासून १७० मीटरवर असला, तर निवेदकाचं वाक्य अर्धा सेकंद उशिरा पोहोचतं. म्हणून जाणकार मंडळी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायरने थेट आवाज घेतात. याला लाइन आउट म्हणतात. गंमत म्हणजे मग आवाजच चित्राच्या आधी पोहोचतो आणि त्याला मुद्दाम थोडा उशीर द्यावा लागतो.

मग व्हिडिओचा उपयोग काय?

भरपूर आहे. गाडा कुठला होता, मध्ये कोणी आडवं आलं का, बैलाला मारहाण झाली का, हे व्हिडिओ स्पष्ट दाखवतो. शर्यतीला परवानगी अटींवर असल्याने हे चित्रण जपून ठेवण्यासारखं आहे. त्यासाठी लाइव्हबरोबर कॅमेऱ्यातल्या कार्डवरही रेकॉर्डिंग सुरू ठेवावं. त्यात नेटवर्कमुळे काहीच गळत नाही.

वेळेचा निवाडा मात्र रेषेवरच्या घड्याळाचा. तिथे सेन्सर असेल तर उत्तमच. कॅमेऱ्यावरच भिस्त ठेवायची असेल तर तो शेवटच्या रेषेच्या सरळ रेषेत, म्हणजे गाड्यांच्या वाटेला काटकोनात, तिवईवर पक्का बसवा आणि सेकंदाला किमान ५० फ्रेमवर चालवा. तरीही चूक ०.०२ सेकंदापर्यंत राहतेच. पुढच्या वेळी कोणी 'व्हिडिओत बघा' म्हणालं, तर एवढंच विचारा : किती फ्रेमचा व्हिडिओ आहे?