महाविद्यालयीन माहिती-सर्व्हरवरील कूटबद्ध जोडणी : बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयातील प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती व ग्रंथालय यांची माहिती एका मध्यवर्ती सर्व्हरवर साठवली जाते आणि विविध विभागांतील संगणक ती जाळ्यावरून मागवतात. ही ये-जा उघड्या मजकुरात होत असल्यास वाटेतील कोणीही ती वाचू शकतो. प्रस्तुत लेखात मायएसक्यूएल सर्व्हर व क्लायंट यांच्यातील जोडणी कूटबद्ध कशी करावी, कोणत्या क्रमाने करावी आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : माहिती-सर्व्हर, कूटलेखन, टीएलएस, प्रमाणपत्र, विद्यार्थी-माहिती

१. प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील तेराही तालुक्यांतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बहुधा कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या कुटुंबातील असतो. प्रवेशाच्या वेळी तो जातीचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, आधार क्रमांक व बँक खात्याचा तपशील विश्वासाने आपल्या स्वाधीन करतो. पूर्वी ही कागदपत्रे कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद असत. आता ती सर्व्हरवर आहेत. कपाटाला कुलूप लावण्याची सवय आपणांस होती. तारेतून जाणाऱ्या माहितीला कुलूप लावण्याची सवय मात्र अद्याप जडलेली नाही.

काही काळापूर्वी प्रस्तुत लेखकाने संगणकजाळ्याच्या प्रात्यक्षिकासाठी विभागातील संगणकावर वायरशार्क हे निरीक्षण-साधन चालू ठेवून त्याच संगणकावरून शिष्यवृत्तीची यादी उघडली. पडद्यावर नाव, प्रवर्ग, उत्पन्न व खाते क्रमांक जसेच्या तसे दिसू लागले. प्रात्यक्षिक तेथेच थांबवावे लागले. कार्यालयाची इमारत आणि विभाग यांच्यामध्ये बिनतारी दुवा होता. म्हणजेच तोच मजकूर वाटेत बसलेल्या कोणासही वाचता आला असता. सदर लेखाचे मूळ या अनुभवात आहे.

२. संकल्पना

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘पासवर्ड टाकल्याशिवाय सर्व्हर उघडत नाही, म्हणून माहिती सुरक्षित आहे’ असे सामान्यतः मानले जाते. मायएसक्यूएलमध्ये पासवर्ड सहसा उघड्या स्वरूपात पाठवला जात नाही, हे खरे आहे. तथापि, प्रवेश मिळाल्यानंतर विचारलेली प्रत्येक पृच्छा व तिचे उत्तर, जोडणी कूटबद्ध नसल्यास, उघडेच प्रवास करते. पासवर्ड दार राखतो. रस्ता राखत नाही.

रस्ता राखण्याचे कार्य टीएलएस हा संकेत करतो. त्याची तीन अंगे आहेत : गुप्तता, अखंडता आणि ओळख. सिंदखेडराजाच्या या जिल्ह्यातील वाचकांस शिवकालीन पत्रव्यवहाराचा दाखला जवळचा वाटेल. बंद लखोटा मजकूर झाकतो, ही गुप्तता. पत्राच्या अखेरीस मर्यादामुद्रा उमटवली जाई, जेणेकरून पुढे कोणी एखादी ओळ घुसडू नये, ही अखंडता. पत्राच्या माथ्यावरील मुद्रा पत्र कोणाचे ते सांगे, ही ओळख. टीएलएसमध्ये हे शेवटचे कार्य प्रमाणपत्र करते.

टीएलएसची १.२ ही आवृत्ती २००८ मध्ये व १.३ ही २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. १.० व १.१ या जुन्या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये औपचारिकरीत्या कालबाह्य ठरवण्यात आल्या. मायएसक्यूएलनेही ८.०.२८ पासून त्यांना आधार देणे बंद केले.

३. क्लायंटच्या पाच अवस्था

मायएसक्यूएल ८.० व त्यापुढील आवृत्त्यांत सर्व्हर प्रथम सुरू होताना स्वतःची प्रमाणपत्रे आपोआप तयार करतो. त्यामुळे ‘कूटलेखन आहेच’ असा समज होतो. प्रत्यक्षात जोडणीचे स्वरूप क्लायंटच्या ‘एसएसएल-मोड’ या मांडणीवरही अवलंबून असते. या मांडणीचे पाच पर्याय पुढीलप्रमाणे आहेत. (येथे सर्व नावे देवनागरीत दिली आहेत, प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत लिहावीत.)

(अ) डिसेबल्ड : कूटलेखन नाही.
(आ) प्रिफर्ड : जमल्यास कूटलेखन, न जमल्यास उघडी जोडणी.
(इ) रिक्वायर्ड : कूटलेखन अनिवार्य, मात्र समोरचा सर्व्हर खरा की तोतया, याची तपासणी नाही.
(ई) व्हेरिफाय_सीए : प्रमाणपत्र आपल्या विश्वासातील प्राधिकाऱ्याने दिले आहे, याची तपासणी.
(उ) व्हेरिफाय_आयडेंटिटी : त्याशिवाय प्रमाणपत्रावरील नाव सर्व्हरच्या नावाशी जुळते, याची तपासणी.

मायएसक्यूएलच्या स्वतःच्या क्लायंट-साधनांत काहीच न सांगितल्यास ‘प्रिफर्ड’ गृहीत धरले जाते. खरा धोका येथेच आहे. कूटलेखन जमले नाही तरी जोडणी होते, काम चालते आणि कोणतीही सूचना मिळत नाही. जे बिघडल्याचे कळतच नाही, ते दुरुस्तही होत नाही. दुसरी बाब अशी की, सर्व्हरने आपोआप तयार केलेल्या प्रमाणपत्रावर यंत्राचे नाव नसते. म्हणून पाचवा पर्याय त्यासह चालत नाही. त्यासाठी स्वतःची प्रमाणपत्रे तयार करणे अपरिहार्य ठरते.

४. कार्यपद्धती

पहिली पायरी – पाहणी. क्लायंटवर ‘स्टेटस’ ही आज्ञा दिल्यास ‘एसएसएल’ या ओळीत कूटलेखन वापरात आहे की नाही ते दिसते. सर्व्हरवर ‘सिस’ या माहितीसाठ्यातील ‘सेशन_एसएसएल_स्टेटस’ हे दृश्य प्रत्येक चालू जोडणीची टीएलएस आवृत्ती दर्शवते. ज्या जोडणीपुढे रकाना रिकामा, ती उघडी.

दुसरी पायरी – प्रमाणपत्रे. ओपनएसएसएल या मुक्त साधनाने महाविद्यालयाचा अंतर्गत प्राधिकारी तयार करावा व त्याच्या सहीने सर्व्हरचे प्रमाणपत्र काढावे. प्रमाणपत्रात सर्व्हरचे जाळ्यावरील नाव नमूद असावे. सर्व्हरची खासगी किल्ली केवळ मायएसक्यूएल ज्या खात्याने चालतो त्यासच वाचता यावी. प्राधिकाऱ्याची खासगी किल्ली मात्र सर्व्हरवर ठेवू नये. ती पेन ड्राइव्हवर घेऊन तिजोरीत ठेवावी.

तिसरी पायरी – सर्व्हरची मांडणी. मांडणी-फाइलमध्ये ‘एसएसएल_सीए’, ‘एसएसएल_सर्ट’ व ‘एसएसएल_की’ यांपुढे संबंधित फाइलींचे मार्ग द्यावेत. ‘टीएलएस_व्हर्जन’पुढे केवळ १.२ व १.३ या आवृत्त्या नमूद कराव्यात.

चौथी पायरी – क्लायंटची मांडणी. प्रत्येक संगणकावर प्राधिकाऱ्याचे सार्वजनिक प्रमाणपत्र ठेवून ‘व्हेरिफाय_आयडेंटिटी’ हा पर्याय निवडावा. तत्पूर्वी तेथील ड्रायव्हर टीएलएस १.२ जाणतो की नाही, हे तपासावे.

पाचवी पायरी – सक्ती. सर्व जोडण्या कूटबद्ध झाल्याची खातरजमा झाल्यावरच ‘रिक्वायर_सिक्युअर_ट्रान्सपोर्ट’ ही मांडणी चालू करावी. त्यानंतर सर्व्हर जाळ्यावरून येणारी उघडी जोडणी नाकारतो. एकदम सक्ती करणे जोखमीचे वाटल्यास ‘ऑल्टर यूजर’ आज्ञेत ‘रिक्वायर एसएसएल’ जोडून एकेका वापरकर्त्यास ही अट लावता येते.

या क्रमाचे महत्त्व लेखकास स्वतःच्या चुकीतून उमगले. पहिल्या प्रयत्नात चौथी पायरी अपुरी असताना पाचवी उचलली गेली. शुल्क-खिडकीवरील जुन्या संगणकाचा ड्रायव्हर टीएलएस १.२ जाणत नव्हता. ऐन प्रवेशाच्या दिवशी खिडकी बंद पडली आणि मोताळा, संग्रामपूर येथून एस.टी.ने आलेल्या मुलामुलींना शुल्क न भरता परतावे लागले. ज्यांच्या माहितीच्या रक्षणासाठी हा खटाटोप, त्यांनाच त्याचा भुर्दंड पडला. म्हणून सक्ती ही शेवटची पायरी असावी आणि ती प्रवेश अथवा परीक्षेच्या काळात उचलू नये.

५. मर्यादा

कूटबद्ध जोडणी केवळ प्रवासातील माहितीचे रक्षण करते. सर्व्हरच्या डिस्कवरील माहिती, तिच्या प्रती असलेले पेन ड्राइव्ह आणि टेबलावर पडलेली छापील यादी यांना तिचा उपयोग नाही. कूटलेखन केले म्हणून सर्व्हरचा ३३०६ हा पोर्ट इंटरनेटला खुला ठेवणे, हेही समर्थनीय नाही. शिवाय प्रमाणपत्रास मुदत असते. तिची नोंद कार्यालयाच्या दिनदर्शिकेत नसल्यास एखाद्या सकाळी सर्व व्यवहार अकस्मात थांबतील. मुक्तस्रोत ‘कोहा’ ही ग्रंथालय प्रणाली मायएसक्यूएलप्रमाणेच मारियाडीबीवरही चालते. मारियाडीबीची तत्त्वे हीच असली तरी क्लायंटच्या पर्यायांची नावे भिन्न आहेत, हे ध्यानी घ्यावे.

६. निष्कर्ष

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वाजवी सुरक्षा-उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. तथापि, केवळ दंडाच्या भयाने हे कार्य हाती घेऊ नये. वर वर्णिलेल्या पद्धतीस नवे यंत्र वा परवाना खरेदी करावा लागत नाही. साधने मोफत उपलब्ध आहेत. लागतो तो थोडा वेळ आणि पायऱ्यांचा क्रम पाळण्याचा संयम.

प्रत्येक महाविद्यालयाने निदान पहिली पायरी तरी चालू सत्रातच उचलावी. आपल्या सर्व्हरवरील किती जोडण्या उघड्या आहेत, हे पाहण्यास काही मिनिटे पुरतात. बापाच्या उत्पन्नाचा आकडा आपल्या हाती देताना विद्यार्थी कोणतीही हमी मागत नाही. ती न मागता देणे, हे शिक्षणसंस्थेचे कर्तव्य होय.